वळिवडे स्टेशनात उतरल्यावर

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली पॅसेंजर गूळ मार्केट मागे टाकते आणि लगेच वळिवडे येतं. उतरणारे बहुतेक गांधीनगरच्या कापडबाजाराचे. मी आले होते छावणीची जागा बघायला.

१९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. जास्त करून बायका आणि मुलं. स्टालिनच्या राजवटीने घरातून उचलून सैबेरियात टाकलेली ही माणसं इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात पोहोचली. शाळा काढल्या, चर्च उभारलं. आदल्या संध्याकाळी महावीर उद्यानातल्या त्यांच्या स्मृतिस्तंभापाशी मी बराच वेळ बसले होते.

चहाच्या गाड्यावर एका वयस्कर सिंधी काकांना विचारलं. म्हणाले, “ते लोक गेले आणि त्यांच्याच बराकींत आमची माणसं आली, फाळणीनंतर.” एका युद्धाची आणि एका फाळणीची माणसं, एकाच छपराखाली!

चहा घेताना मनात येत होतं, या बायकांचं पुढचं आयुष्य ठरत होतं किती लांब! फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला, रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्या बैठकीत, पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएतकडे गेला. इथल्या अनेकींची गावं तिकडचीच. जुलैमध्ये अमेरिका आणि ब्रिटनने लंडनमधून चालणाऱ्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली.

अमेरिकेचं जागतिक नेतृत्व त्याच दिवसांत आकार घेत होतं. ते तिच्याकडे कसं आलं? युद्धात तिचे कारखाने शाबूत राहिले म्हणून ती पुढे गेली, हे अर्धंच उत्तर. पहिल्या महायुद्धानंतरही ते शाबूत होते, तरी तिच्या सिनेटने राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्समध्ये) जायला नकार दिला. या वेळी ती मागे फिरली नाही. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देश युद्धानंतरची चलनव्यवस्था ठरवायला जमले. चलनं डॉलरला बांधली गेली आणि डॉलर सोन्याला, औंसाला ३५ डॉलर या दराने. पुढे मार्शल योजनेत, म्हणजे युरोपच्या उभारणीसाठीच्या अमेरिकी मदतीत, पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर मिळाले. त्यातले बरेच अमेरिकी मालाच्या खरेदीतच गेले, पण युरोप उभा राहिला. मला यातली दूरदृष्टी खरोखर मोठी वाटते. पोलंडलाही बोलावणं होतं. मॉस्कोच्या दबावाखाली त्याने नाकारलं.

जून १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ५० देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या केल्या. पोलंडचं कोणतं सरकार खरं, हेच ठरलं नव्हतं, म्हणून त्याच्या सहीची जागा कोरी ठेवली. त्या दिवशी वळिवड्यात पोलिश मुलं शाळेत आपला इतिहास-भूगोल शिकत होती.

परतीच्या गाडीला वेळ होता. काका म्हणाले, “चला, एक जुनी बराक दाखवतो,” आणि पुढे चालू लागले.