रानटर्कीचे पाय

"पाय कशाला? चामड्यासारखे लागतात." शेजारच्या आजोबांनी शिकार केलेल्या टर्की पक्ष्याची छाती तेवढी काढून घेतली होती. पाय कचऱ्यात जाणार, तेवढ्यात मी मागून घेतले.

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

रानटर्की दिवसभर चालते, माती उकरते. पाय चिवट असणारच. पण त्याच चिवटपणात चव असते, फक्त वेळ द्यावा लागतो. कांदा, आलं-लसूण, गोडा मसाला, बुडेल इतकं पाणी घालून स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) 'लो'वर लावला. आठ-नऊ तासांत मांस हाडावरून आपोआप सुटलं, रस्सा दाट झाला. पायातल्या काडीसारख्या टणक शिरा मात्र नीट वेचून काढा, मांसात राहिलेले बंदुकीचे छर्रेही बघा. घरात लहान मुलं असतील तर फारच जपून.

आमच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून हा पक्षी एकेकाळी पार नाहीसा झाला होता. १९७६ मध्ये मिसुरी राज्यातून आणून इथल्या व्हर्नन काउंटीत (जिल्ह्यात) सोडला, बदल्यात इथले ग्राऊझ पक्षी तिकडे पाठवले. इतक्या खटपटीने परत आलेल्या पक्ष्याचे पाय फेकायचे, हे मला पटत नाही.

तुमच्याकडचे शिकारी पायांचं काय करतात?