धुळ्याहून कॅम्पर व्हॅनने हर्णै: गाडी कुठे लावायची, लिलाव कधी बघायचा आणि मासे कसे घ्यायचे

संक्रांतीनंतर आम्ही धुळ्याहून दापोलीजवळच्या हर्णैला जाऊन आलो, भाड्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय आणि संडास असलेली गाडी घेऊन. आई, दादा-वहिनी, पोरं आणि मी. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो की किती लागले, कसं वाटलं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी पैशाचं. व्हॅन घेतली की हॉटेलचा खर्च वाचतो हा हिशोब डोक्यातून काढा. दिवसाचं भाडं, ड्रायव्हरचा भत्ता, डिझेल, टोल, वरून गाडी ज्या शहरात उभी असते तिथून तुमच्या दारापर्यंतचे रिकामे किलोमीटर पण लावतात, ते बुकिंगच्या आधीच विचारून घ्या आणि व्हॉट्सअपवर लिहून मागा. आम्हाला परवडलं ते आईच्या गुडघ्यांमुळे. एवढ्या लांबच्या रस्त्याला तिला वाटेल तेव्हा आडवं होता आलं, संडास गाडीतच, ढाब्यावरच्या बाथरूमची कटकट नाही. पण आडवं व्हायचं ते गाडी थांबवून. चालत्या गाडीत सगळ्यांनी सीटवर बेल्ट लावून बसायचं, आमचा ड्रायव्हर याबाबतीत एकदम कडक होता आणि ते बरंच झालं.

रस्ता असा: धुळे, मालेगाव, नाशिक, मग इगतपुरीला समृद्धीवर चढायचं आणि भिवंडीकडे आमणेला उतरायचं. हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये सुरू झालाय, त्यामुळे कसारा घाट टळतो, उंच गाडीला तर फारच बरं. पुढे शिळफाटा-पनवेल हा पट्टा पहाटेच काढा, उजाडलं की अडकलात. मग गोवा हायवे. माणगावला शनिवार-रविवारी जाम ठरलेला, आठवड्याच्या मधल्या वारी निघा. पोलादपूरच्या पुढे कशेडीला आता बोगदा झालाय, घाट चढायची गरज नाही. खेडच्या भरणे नाक्यावरून उजवीकडे दापोली आणि तिथून हर्णै. हा शेवटचा रस्ता वळणावळणाचा आणि अरुंद, समोरून एसटी आली की एकाला मागे घ्यावंच लागतं, म्हणून दिवसाउजेडी पोचा. काही जण पुण्यावरून ताम्हिणी सुचवतात, छोट्या कारला ठीक आहे, व्हॅनला मी तरी सांगणार नाही.

आता मुख्य गोष्ट. हर्णै गावात व्हॅन घालू नका. बाजारातून बंदराकडे जाणारी गल्ली इतकी चिंचोळी की रिक्षा आणि बर्फाचा टेम्पो समोरासमोर आले तरी दहा मिनिटं गोंधळ. आणि ही गाडी नऊ-दहा फूट उंच, वाड्यांमधून विजेच्या तारा आणि माडाच्या झावळ्या डोक्यावर लोंबतात. हर्णैजवळच्या मुरुड किंवा कर्दे बाजूला मोठं अंगण असलेलं घरगुती राहायचं ठिकाण बघा, फोनवरच विचारा की 16 अँपिअरचा सॉकेट आणि पाण्याचा पाइप मिळेल का. एसी बॅटरीवर रात्रभर चालत नाही, कंपनीवाला काहीही सांगो. संडासाची टाकी पण त्यांच्याच संडासात रिकामी करायची परवानगी आधी घ्या, खाडीत किंवा वाळूत ओतू नका, लोक ओततात म्हणून सांगतोय. आणि किनाऱ्यावर गाडी नेऊन फोटो काढायचा मोह होतोच, कारण बाकीच्यांच्या कार पाण्याच्या कडेने पळत असतात, पण आपली गाडी जड आहे, चाक रुतलं आणि भरती आली तर ट्रॅक्टर शोधत फिराल.

तिथून बंदरावर रिक्षाने जायचं. माशांचा लिलाव सकाळी होतो आणि दुपारी चारनंतर परत होतो, दुपारचा बघा, उन्हं उतरलेली असतात. होड्या लांब पाण्यातच उभ्या आणि माल किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट समुद्रात! आई बघतच राहिली, "हाई काय शे रे भो!" आमच्या घरी बैलजोडी आहे, त्यामुळे दादाला पापलेट-सुरमईशी काही घेणंदेणं नाही, तो गेला बैल बघायला. छातीपर्यंत खाऱ्या पाण्यात उभे, लाट आली की मान वर करायची, लाट गेली की खाली, गाडीवान शांतपणे बिडी ओढतोय. दादाने त्याला वेसणीपासून पेंडीपर्यंत सगळं विचारलं, खुरांना काय लावता, गोड्या पाण्याने धुता का, अर्धा तास गप्पा. इकडे वाळूवर पाट्या ओतल्या की भोवती घोळका, बोली इतकी भरभर की आपल्याला आकडा कळेपर्यंत माल उचलला पण जातो. ती व्यापाऱ्यांची बोली आहे, मध्ये घुसू नका. बाजूला बायका वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. कल्ले उचलून लाल आहेत का बघा, भाव करा पण हद्दीत करा, साफ करून कापायचे पैसे वेगळे. चप्पल जुनी घाला, सगळीकडे बर्फाचं पाणी.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव बघायला म्हणून जाल तर हात हलवत याल. दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम.

मासे व्हॅनमध्ये शिजवू नका, गाद्यांना वास बसतो. घरमालकीणबाई करून देतात, मजुरी ठरवून घ्या. आम्ही जळगावची भरताची वांगी नेली होती, तिथे तुरकाठ्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, कुठून आणणार, झावळ्यांवर भाजली आणि भरीत झक्क झालं. त्यांना आवडलं, फक्त मिरची जरा जास्त झाली म्हणाल्या. आम्हाला त्यांचं कालवण गोडसर लागलं, फिट्टंफाट.

सुवर्णदुर्ग समोरच पाण्यात दिसतो. बंदरातून होडी मिळते, पण समुद्र शांत असेल तरच, आणि उतरताना गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून आई किनाऱ्यावर कनकदुर्गावरच्या दीपगृहाजवळ बसली, तिथूनही किल्ला मस्त दिसतो. सुवर्णदुर्गावर पाणी, टपरी काही नाही, बाटल्या न्या. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे, आणि आपल्या शेजारचा बागलाणातला साल्हेर पण आहे. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती खाडीपुलावरून जवळ, चढ आहे, रिक्षाच करा. परतताना वेळ असेल तर पालगड, साने गुरुजींचं जन्मगाव. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलातले गुरुजी मूळचे इथले, आपल्या माणसाला बरं वाटतं.

ताजा मासा बर्फात घालून धुळ्यापर्यंत आणायच्या भानगडीत पडू नका, नाशिकपर्यंतच बर्फाचं पाणी होतं. सुकट, सोडे, सुके बोंबील घ्या. पण घट्ट झाकणाच्या डब्यात, वरून दोन पिशव्या, आणि डबा मागच्या डिकीत, कपाटात नाही. गाडी परत देताना मालक आधी नाकाने तपासणी करतो आणि डिपॉझिट नंतर काढतो.