तुम्ही विचारलंत म्हणून: लोआरचा सपाट रस्ता सोडून चढाच्या वाटेला का गेलात?

फ्रान्सहून परत आल्यापासून हा प्रश्न मला घरच्यांनी, सायकल ग्रुपमधल्यांनी, अगदी भाजीवाल्या मावशींनी पण विचारून झालाय. म्हणजे असं की लोआर नदीच्या काठाने जवळजवळ 900 किलोमीटरचा सायकलसाठी आखलेला रस्ता आहे, बराचसा सपाट, मधेमधे राजवाडे, मग पन्नाशी ओलांडलेल्या तुम्ही दोघी बहिणी सामान लादून दोर्दोन्य आणि लोत नद्यांच्या डोंगराळ भागात कशाला गेलात? लोक काळजीपोटी विचारतात आणि दरवेळी माझं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आम्ही कोल्हापूरच्या. आमचा सगळा सराव जोतिबाच्या डोंगरावर आणि पन्हाळ्याच्या रस्त्यावर झालेला, आणि लहानपणापासून बाबांच्या मागे गड चढलोय, त्यामुळे मला इतिहास म्हटलं की आधी चढच आठवतो. लोआरचे राजवाडे सुंदर आहेत, त्यात वादच नाही, पण ते राजेरजवाड्यांनी हौसेने बांधले, शिकारीला, मौजेला. खाली नैऋत्येला दोर्दोन्यच्या खोऱ्यात जे आहे ते जीव वाचवायला बांधलेलं आहे. आणि जीव वाचवायचा तर माणूस उंच जागा बघतो, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला लागत नाही.

तो सगळा भाग चुनखडीचा. नद्या तो दगड कापत कापत खाली गेल्यात, त्यामुळे दोन्ही अंगांना सरळसोट कडे आणि वर लांबच लांब माळ. या माळाला तिकडे कोस म्हणतात. पाऊस पडला की पाणी दगडाच्या फटींतून थेट खाली मुरतं, वर ओढे जवळजवळ नाहीतच, नुसती खुरटी ओकची झाडं, मेंढ्या, आणि चुना न वापरता दगडावर दगड रचून केलेल्या भिंती. मुरलेल्या त्या पाण्याने आत गुहा कोरल्या. मग गुहांत आदिमानवाने चित्रं काढली, कड्यांवर किल्ले बसले, माळ कोरडा म्हणून शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्या, आणि त्या शेळ्यांच्या दुधाचं ते रोकामादूरचं छोटंसं चपटं चीज. एका दगडातून सगळं निघालं. चढ नको म्हटलं तर या भागाचं काहीच हाती लागत नाही. हे मी जायच्या आधी वाचलं होतं, पण मनात उतरलं ते दोमच्या चढावर.

दोम हे 1281 साली फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिप राजाने वसवलेलं गाव, दोर्दोन्य नदीच्या वर साधारण दीडशे मीटरवर, कड्याच्या टोकाला. खालच्या गावातून रस्ता वळणं घेत वर जातो. मी पुढची सगळ्यात लहान 26 दातांची आणि मागची 34 दातांची चकती लावली, म्हणजे पायाचा अख्खा फेरा झाला तरी चाक एकदा पूर्ण फिरत नाही, एवढा हलका गिअर, तरी दुसऱ्या वळणानंतर घामाचे थेंब हँडलवरच्या नकाशाच्या प्लास्टिकवर टपटप पडायला लागले आणि रोकामादूरच्या नावावर एक डबकं साठलं. वर पोचलो तर मोठा दगडी दरवाजा, तीन बाजूंनी तटबंदी, आणि नदीकडच्या चौथ्या बाजूला तटच नाही! कारण तिथे कडा, तिकडून कोण येणार. आला एकजण. 1588 मध्ये, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना, जोफ्रुआ द व्हिव्हाँ नावाचा प्रोटेस्टंट सरदार तीस माणसं घेऊन रात्री त्याच कड्याने वर चढला, आत येऊन इतका गोंगाट केला की गावाची झोप उडाली आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी दरवाजे उघडून बाकीचं सैन्य आत घेतलं. हे वाचून आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, कोंडाजी फर्जंद! 1673, पन्हाळा, साठ माणसं, रात्रीचा कडा, कर्णे वाजवून उडवून दिलेली घबराट. मधे फक्त 85 वर्षं. कठड्याला टेकून खाली नदी बघताना माझ्या अंगावर काटा आला, आणि पाय भरून आलेले असल्यामुळे ती तीस माणसं रात्री काय करून आली असतील याचा अंदाज पण आला.

तिथून पुढे बेनाक आणि कास्तेलनो, दोर्दोन्यच्या दोन काठांवर दोन किल्ले, एकमेकांना दिसतील असे. इंग्रज-फ्रेंचांच्या शंभर वर्षांच्या युद्धात, म्हणजे 1337 ते 1453, बेनाक फ्रेंचांच्या बाजूचा आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. आम्ही एकावरून उतरलो, पूल ओलांडला, दुसरा चढलो, सगळा मामला दुपारच्या जेवणाच्या आत.

रोकामादूरबद्दल फार लिहीत नाही, कड्याला चिकटलेलं देवस्थान, काळी मेरी, 216 पायऱ्या ज्या यात्रेकरू गुडघ्यांवर चढायचे. गर्दी खूप. पण त्याच्या पुढचा कोस मात्र मला अजून स्वप्नात येतो. मैलोन्मैल कुणी नाही, ऊन, आणि पाणी नाही. सायकलवाल्यांना एक गोष्ट माहीत असते, दफनभूमीत नळ असतो, थडग्यांवरच्या फुलझाडांना घालायला. पाणी पिण्याचं नसेल तर बहुतेक ठिकाणी तशी पाटी असते. एका गावाबाहेर आम्ही असंच लोखंडी फाटक ढकलून आत गेलो, नळ उघडला, आधी कोमट मग गारेगार पाणी, बाटल्या भरल्या, तोंडं धुतली. बाजूला पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा स्तंभ. असा स्तंभ जवळजवळ प्रत्येक गावात आहे. या गावात मला पंधराएक उघडी घरं दिसली असतील, आणि स्तंभावर नावं 22. त्यात एकाच आडनावाची तिघं, एका खाली एक. बहिणीने ती बोट लावून वाचली. मग बराच वेळ आम्ही काही न बोलता सायकल चालवत होतो, रस्त्यात छप्पर पडलेली दगडी घरं दिसत होती आणि मला सारखं वाटत होतं की ही रिकामी का झाली याचं थोडंफार उत्तर त्या 22 नावांत असणार.

कोसवरून सेले नदीच्या खोऱ्यात उतरताना माझा मागचा ब्रेक गेला. पॅड नवीन टाकलेत असं भाड्याने सायकल देणाऱ्याने सांगितलं होतं, टाकले नव्हते, धातू धातूला घासल्याचा तो आवाज आला आणि पोटात गोळाच आला. सामानासकट उतार, त्यामुळे सरळ उतरले आणि तीन किलोमीटर चालत खाली आले. रविवार दुपार, सगळं बंद, आणि तिकडे सोमवारीही बरीच दुकानं बंद. शेवटी कॅम्पिंगवर शेजारच्या तंबूतल्या एका डच आजोबांनी आपल्याजवळचे पॅड काढून बसवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. आम्ही त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली, ते ती ब्रेडला लावून खात होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं तरी अजून मागत होते.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. लास्को ऐकलेलं असतं सगळ्यांनी, पण ती मूळ गुहा 1963 पासून पर्यटकांना बंद आहे, माणसांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून, आता बघायला मिळते ती हुबेहूब प्रतिकृती. सेलेच्या काठी काब्रेरे गावाच्या वर पेश मेर्ल नावाची गुहा मात्र खरी, अजून उघडी. 1922 मध्ये दोन पोरांनी शोधलेली. दिवसाला फक्त 700 लोक सोडतात, आधी बुकिंग करा. गावातून वर जाणारा चढ छोटा पण उभा. आणि घामाने भिजलेले आपण आत शिरतो तर आत 12 अंश, अंगातून कळ जाते. आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे 29,000 वर्षांपूर्वीचे. उजव्या घोड्याचं डोकं नीट बघा. तिथे दगडाची कडाच घोड्याच्या डोक्यासारखी आहे, म्हणजे काढणाऱ्याला दगडात आधी घोडा दिसला असणार आणि मग त्याने रंग लावला. भोवती हातांचे ठसे, भिंतीवर हात ठेवून तोंडाने रंग फुंकून काढलेले. माझ्यापुढे उभी बहीण नकळत आपला पंजा उघडून हवेत त्या ठशासमोर धरून उभी होती, लांबूनच. हात साधारण तेवढाच होता.

गाडीने गेलं तरी ते घोडे दिसतातच, मान्य आहे. पण आम्ही आठ दिवस त्याच दगडावरून चढत उतरत तिथे पोचलो होतो, त्याची धूळ अंगावर होती, त्याचं पाणी पोटात होतं. म्हणून तो दगड ओळखीचा झाला होता.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी थोडं. मे-जून किंवा सप्टेंबर, जुलै-ऑगस्टला ऊन आणि गर्दी दोन्ही. पॅरिसच्या ओस्तर्लित्झ स्टेशनवरून सुयाक, काओरकडे थेट गाडी आहे, तिच्यात सायकलचं वेगळं रिझर्वेशन लागतं. कागदाचा मिशलॅंचा नकाशा घ्याच, त्यात चढावर बाण असतात, एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, तीन बाण दिसले की जेवून निघा. गावाबाहेर गाडीवाल्यांनी सायकलपासून दीड मीटर लांबून जायचा कायदा आहे आणि आमच्या अनुभवात बहुतेक जण तो पाळतात. दुकानं बारा ते दोन बंद, ब्रेड सकाळीच घ्या, आणि दुकानात शिरताना आधी बाँझूर म्हणा मगच काय ते मागा.

आणि बहिणीच्या गुडघ्यांचं विचारणाऱ्यांना, ते ठीक आहेत. तीन ठिकाणी ती उतरून सायकल ढकलत आली, दोमच्या शेवटच्या वळणावर, रोकामादूरला आणि पेश मेर्लच्या चढावर. ढकलत येताना तिला रस्त्याच्या कडेच्या गवतात रानटी ऑर्किड दिसले, जांभळे, बोटभर उंच, तिने वाकून त्यांचे चाळीसएक फोटो काढलेत. माझ्याकडे एकही नाही, मी चढत होते.