उतारावरचं घर आणि ‘जमिनीची पातळी’ची चौकट: माझा अनुभव

गावाबाहेरच्या उतारावर नवं घर बांधायचं, पण समोरच्या रस्त्यावरून येणाऱ्याच्या नजरेला ते खुपता कामा नये, एवढीच आमची अट होती. जागेचा सर्व्हे, आर्किटेक्टशी बोलणी, आराखडे हे सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते परवानगीच्या अर्जातल्या एका चौकटीपाशी, आणि तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चौकटीवर छापलं होतं ‘जमिनीची पातळी’. जागा एकच आकडा मावेल एवढी. सपाट प्लॉट असेल तर ठीक. आमच्या जागेच्या वरच्या आणि खालच्या कडेत ३ मीटरचा फरक होता. म्हणून घराचे तीन भाग केले होते, प्रत्येकाचं जोतं वेगळ्या पातळीवर, उताराबरोबर खाली उतरत जाणारं. त्यामुळे जमीन कुठेच फार कापावी लागत नव्हती आणि निघालेली माती तिथल्या तिथे भरावात जिरत होती. अशा घराला एकच पातळी कुठून आणायची?

सरासरी लिहिली, तर ‘खालच्या कोपऱ्यापासून उंची मर्यादेबाहेर’ असा शेरा मारून फाइल परत. खालच्या कोपऱ्याची लिहिली, तर पुन्हा उंचीचाच मुद्दा. वरच्या कोपऱ्याची लिहिली, तर खालचा भाग तळघर समजायचा का, अशी विचारणा. दरवेळी टेबलावर नवा माणूस आणि दरवेळी सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. शेवटी एकाने सुचवलं, “मॅडम, आधी प्लॉट सपाट करून घ्या ना, म्हणजे एकच लेव्हल येईल.”

हे ऐकून माझा संयम सुटायचाच बाकी राहिला. सपाट करायचं म्हणजे वरच्या बाजूला दीड मीटर कापायचं, खालच्या बाजूला दीड मीटर भरायचं आणि दोन्हीकडे माती अडवणाऱ्या धारक भिंती उभ्या करायच्या. पावसाचं पाणी ज्या ओघळीने आजवर उतरत आलं ती बुजणार. ताजा भराव खचतो, म्हणून पाया मूळ जमिनीपर्यंत खाली न्यावाच लागणार. कागदावर घर नियमात बसलं असतं, आणि डोंगराच्या अंगावर कायमचा घाव राहिला असता.

त्याच टेबलावर दुसरा सल्ला मिळाला: लाल कौलं आणि पांढऱ्या भिंती दाखवा, म्हणजे परिसराला शोभेल. माझं ठाम मत आहे की घर परिसरात मिसळतं की नाही हे आधी जोत्याच्या पातळीवर ठरतं, कौलं त्यानंतरची. आणि हिरव्या-मातकट उतारावर लांबून सर्वांत आधी दिसतो तो पांढराच. आजूबाजूच्या मातीपेक्षा किंचित गडद, खरबरीत, चकाकी नसलेला पृष्ठभाग मागे सरकतो.

गाठ सुटली ती दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे तक्ता. घराच्या प्रत्येक कोपऱ्याची आत्ताची पातळी, प्रस्तावित पातळी आणि दोन्हींतला फरक मुख्य आराखड्यावरच मांडला. सोबत उताराच्या दिशेने घेतलेले दोन छेद, म्हणजे घर आणि जमीन उभी कापल्यासारखी दाखवणारी चित्रं, त्यांत मूळ जमीन तुटक रेषेने दाखवलेली. आणि एक साधं पत्र दिलं: उंचीची मर्यादा कोणत्या बिंदूपासून मोजायची ते लेखी कळवावं. तोंडी उत्तर माणसागणिक बदलतं, लेखी द्यायचं म्हटलं की नियम उघडून वाचला जातो.

दुसरी म्हणजे बांबू. स्वित्झर्लंडमध्ये परवानगी मागताना नियोजित इमारतीचा आकार दाखवणारे खांब जागेवर उभे करावे लागतात. आम्ही तेच केलं. प्रत्येक कोपऱ्यावर छपराच्या उंचीचा बांबू रोवला आणि शेंड्याला पिवळं फडकं बांधलं. सपाट केलेल्या प्लॉटवर हेच घर किती उंच आलं असतं, ते लाल फडक्यांनी दाखवलं. पाहणीला आलेल्या साहेबांना घेऊन समोरच्या रस्त्यावर उभी राहिले. पिवळी फडकी मागच्या झाडांच्या गर्दीत शोधावी लागत होती. खालच्या बाजूची लाल फडकी मात्र शेंड्यांच्या वर, थेट आभाळात फडफडत होती. साहेब बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “असं आहे होय!” मंजूर प्रतीत त्या चौकटीत ‘सोबतचा तक्ता पाहावा’ असं लिहून आलं. ते वाचून मला झालेला आनंद घर पूर्ण झाल्यावरच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

आता आठवतील तशा काही गोष्टी. घर कुठून कुठून दिसतं ती ठिकाणं आराखड्याआधीच ठरवा आणि प्रत्येक बदल तिथून तपासा. घर प्लॉटच्या मधोमध नको, झाडांच्या कडेला सरकवा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकात लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅलप्रिन यांनी सी रँच वस्तीची आखणी केली, तेव्हा घरं सायप्रसच्या रांगांलगत घेऊन कुरणं मोकळी ठेवली होती. लाकूडही न रंगवता ठेवलं, ते हवेने करडं पडत गेलं. आमचा निर्णय त्यावरूनच झाला.

झाड वाचवायचं असेल, तर बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ काम सुरू होण्याआधीच कुंपण घालून राखा. आत ट्रकही नको आणि विटांचा ढीगही नको, कारण दाबल्या गेलेल्या मातीत मुळं गुदमरतात. वरची सुपीक माती वेगळी काढून २ मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवा, शेवटी तीच पसरायची असते. बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले घ्या. दिवसा लपलेलं घर रात्री उघड्या दिव्यांनी मैलभर दिसतं.

आणि सर्व्हेचा मूळ बिंदू, म्हणजे जिथून सगळ्या पातळ्या मोजल्या तो, हलणार नाही अशा खडकावर रंगवून घ्या आणि त्याचा फोटो फाइलला लावा. तक्त्यातला प्रत्येक आकडा त्याच्यावर उभा असतो, आणि जोतं तपासायला येणारा माणूस पहिल्यांदा तोच मागतो.