आमची वाटचाल : जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलपासून

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही गाळा भाड्याने घेतला, तेव्हा आमच्याकडे एक जुनं लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि मिस्त्रींनी स्वतः बनवलेला हब पुलर (चाक ज्यावर बसतं ते हब ओढून काढायचं हत्यार) होता. मी फिटर, मिस्त्री टर्नर. भागीदारीचा कागद आजतागायत झालेला नाही, गरज पडली नाही.

सीजे थ्रीबी या जुन्या महिंद्रा जीपचं मागचं हब टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळत्या, शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीने) बसलेलं असतं. वर्षानुवर्षं न काढलेलं हब सहजासहजी सुटत नाही. लोक शाफ्टच्या तोंडावर घण घालतात आणि आतल्या बेअरिंगची वाट लावतात. मिस्त्रींचा पुलर पाच स्टडवर बसतो. स्क्रू ताणायचा, शाफ्टच्या टोकाचा नट चार आट्यांवर धरून ठेवायचा आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत ठाण्णकन आवाज होऊन हब सुटलेलं असतं. नट पूर्ण काढलात तर तेच हब अंगावर येईल, हे नव्या पोरांनी लक्षात ठेवावं.

या गाड्यांचं दुखणं इथेच आहे. हब निघत नाही म्हणून ब्रेकचा ड्रम उघडत नाही, आणि ड्रम उघडत नाही म्हणून आतला लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) कुणी बघत नाही. त्यात मूळ ९ इंची ड्रम २.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाच्या हिशोबाचे, आणि आपल्याकडे त्यावर डिझेल इंजिन, रुंद टायर आणि मागे ट्रॉली. म्हणून आम्ही सिंगल पीस फ्लँज अ‍ॅक्सल (शाफ्ट आणि चाक बसायची चकती एकाच तुकड्यात, वेगळं हब नाही) आणि ११ इंची ड्रम बसवायला लागलो. ड्रम हाताने निघतो, लायनर डोळ्यांनी दिसतो. पहिला जोड राधानगरीकडच्या एका पाटीलकाकांनी घेतला. पुढची वर्षं कामात गेली.

मग आमच्याकडचाच एक कारागीर फुटला. पलीकडच्या गल्लीत हुबेहूब आमच्यासारखा अ‍ॅक्सल निम्म्या किमतीत मिळू लागला. नाव घेत नाही, उद्यमनगरात सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक आंबा घाटात तुटला. या गाडीत चाकाचा भार शाफ्टच पेलतो, त्यामुळे बेअरिंगबाहेर तुटला की चाक ड्रमसकट निघून जातं. ड्रम गेला की त्या चाकाचा ब्रेकही गेला. माणूस वाचला, पण बोभाटा आमच्या नावाने झाला. ऑर्डरी रद्द झाल्या, बँकेचा हप्ता थकला, मिस्त्रींनी घरचं सोनं गहाण टाकलं. ज्यांच्या गाड्या आम्ही उधारीवर उभ्या केल्या, त्यातले कितीतरी जण फोन उचलेनात. ते मी विसरलेलो नाही.

पाटीलकाका मात्र जीप घेऊन दारात आले. "काढ माझा शाफ्ट आणि सगळ्यांसमोर काप," म्हणाले. मिस्त्रींनी तो आणि तुटलेला, दोन्ही कापून पॉलिश केले, अ‍ॅसिड लावलं. आमच्या ईएन २४ पोलादाच्या शाफ्टला बाहेरून इंडक्शन हार्डनिंगचं (विजेने तापवून वरचा थर कडक केल्याचं) गडद कडं स्पष्ट उठलं. दुसऱ्यात कडंच नव्हतं, कानस सरळ लागत होती, म्हणजे पोलाद मऊच. पाटीलकाकांनी नव्या शाफ्टचे पैसे मोजून दिले, घेत नव्हतो तरी.

आता जुन्या जीपवाल्यांना सांगतो. मागचे ब्रेक एकटे मोठे करू नका. उतारावर वजन पुढे येतं, हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. आधी पुढचे करा, टँडम मास्टर सिलिंडर (पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळा दाब देणारा) घाला, मग मागे या. शाफ्टवर बेअरिंग आणि त्याला जागेवर धरणारी रिटेनर रिंग एका दाबात कधीच बसवू नका, रिंग वेगळी दाबा. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आले, तेव्हापासून काढलेले मूळ शाफ्ट आणि हब आम्ही ग्रीस लावून, गोणपाटात बांधून मालकाच्याच ताब्यात देतो. भंगारात घालू नका, आता तसे मिळत नाहीत.