आमची वाटचाल : मस्टर, पंचिंग आणि ते बंगळूरवाले

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांची, हजेरी आणि पगार लावायचं काम आम्ही मस्टरच्या जाड वहीवर सुरू केलं. पुढे संगणक आला, आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर झालं. ती वर्षं बरी गेली.

सांगायचं ते पंचिंग मशीनचं. वाळूत हात घालून साचे करणाऱ्या मोल्डरच्या बोटांवर रेषा राहतात कुठे? सकाळच्या पाळीला माणूस अंगठा पँटला पुसून पुसून दाबतोय, मशीन लाल दिवा दाखवतंय आणि मागची रांग गेटाबाहेर. आम्ही मोल्डिंगवाल्यांना आणि फेटलिंगवाल्यांना (ओतलेला माल घासून साफ करणाऱ्यांना) कार्डं दिली, ऑफिसवाल्यांचा अंगठा ठेवला. हे कळायला कारखान्यात उभं राहावं लागतं.

कोविडनंतर बंगळूरची एक कंपनी आली. गळ्यात पट्टे, हातात टॅब. त्यांचं एआय म्हणे ढीगभर बायोडाटा चाळून चहा संपायच्या आत 'योग्य उमेदवार' काढतं. आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे सरकली. ज्यांचं पीएफचं चलन 15 तारखेच्या आत जावं म्हणून आम्ही रात्री जागवल्या, त्यांनी फोनसुद्धा उचलले नाहीत. लोकांचे पगार वेळेवर लावणाऱ्यांच्याच ऑफिसात पगार लांबला. नावं घेत नाही, पण विसरलोही नाही.

टिकले ते एक जुने फौंड्रीवाले काका. त्यांचं एक युनिट इथे, दुसरं हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला. मालक एक, पण पगारातून दरमहा कापायचा व्यवसाय कर दोन राज्यांचा. कर्नाटकात एप्रिल 2023 पासून 25 हजारांखालच्या पगाराला माफी. महाराष्ट्रात ती सवलत फक्त बायकांना, पुरुषाचा पगार 10 हजारांवर गेला की 200 रुपये, फेब्रुवारीत 300. काकांनी बंगळूरवाल्यांचं सॉफ्टवेअर चाचणीला घेतलं, तर त्याने शिनोळीच्या गड्यांनाही माफी देऊन टाकली! वर उचगाव-कडोली गावांकडचे सगळे मोल्डर भरतीच्या यादीत तळाला. कारण काय, तर दरवर्षी सुगीला खाडा, म्हणजे 'नोकरीत टिकत नाहीत'. काका म्हणाले, "भात कापायला गेलेला माणूस पळालेला नसतो रे, हे त्या डब्याला कोण सांगणार?"

हे खूळ इथलंच नाही. अ‍ॅमेझॉनचं भरतीचं असंच साधन बायकांचे अर्ज मागे ढकलत होतं, ते गुंडाळल्याची बातमी 2018 मध्ये आली. न्यूयॉर्क शहरात जुलै 2023 पासून अशा साधनाची पक्षपातासाठी त्रयस्थाकडून तपासणी लागते. युरोपच्या 2024 च्या एआय कायद्यात भरती थेट जास्त जोखमीच्या गटात. आपल्याकडे एआयवर वेगळा कायदा नाही, पण डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, दंड 250 कोटींपर्यंत. त्यात माहिती वापरायला संमती मागितली, तर तिची सूचना मराठीत किंवा कन्नडमध्ये मागायचा हक्क कामगाराला आहे. आमचे दोन्ही फॉर्म तयार आहेत.

म्हणून कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. सॉफ्टवेअर घेताना उमेदवार का गळला याचं कारण पडद्यावर दिसतं का, ते बघा. करार संपल्यावर डेटा परत मिळेल, हे लिहून घ्या. आणि नोव्हेंबर 2025 मध्येच लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे (नव्या कामगार कायद्यांप्रमाणे) भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. पगाराची रचना आत्ताच तपासून घ्या.

गेलेल्यांपैकी काहीजण हल्ली परत फोन करू लागलेत. या म्हणावं, पण जुना दर फक्त काकांना.