तासांना मर्यादा आहे, कामाला का नाही?

आमच्या विभागातील एक सहकारी नोकरी सोडून गेले, तेव्हा त्यांची दोन कामे ‘नवीन माणूस येईपर्यंत’ माझ्याकडे सोपवण्यात आली. नवीन माणूस आलाच नाही. पाच महिन्यांनंतर ती कामे मुळापासून माझीच होती, असे सर्वजण धरून चालू लागले आणि खेदाची गोष्ट अशी की मीही तसेच मानू लागले. वाढीव कामाचा बोजा बहुतेक ठिकाणी असाच येतो. तो आदेशाने येत नाही, तर तात्पुरत्या सोयीच्या नावाखाली येतो आणि मुक्काम ठोकतो.

कामाच्या तासांबाबतचा हक्क नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली केलेला पहिलाच करार उद्योगांतील कामाची वेळ दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांपुरती मर्यादित करणारा होता. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील कलम २४ मध्येही विश्रांतीचा आणि कामाच्या तासांवरील वाजवी मर्यादेचा हक्क मान्य केलेला आहे. मात्र १९१९ च्या त्याच करारात देखरेख व व्यवस्थापन करणाऱ्यांना या मर्यादेतून वगळले होते, आणि ही पळवाट आजही अनेकांना भोवते. पदनाम ‘व्यवस्थापक’ असे द्यायचे, एकाही माणसाची रजा मंजूर करण्याचा अधिकार द्यायचा नाही आणि ओव्हरटाइम मात्र नाकारायचा, हा अन्यायच आहे. म्हणून आपल्याला लागू असलेला कायदा पदनाम पाहतो की प्रत्यक्ष काम, हे प्रत्येकाने तपासून घ्यावे.

हा प्रश्न केवळ दमण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो.

अडचण अशी की कायदा तास मोजतो, काम मोजत नाही. अकरा तासांचे काम देऊन हजेरी आठ तासांचीच लावली, तर कागदावर सारे नियमात बसते. उरलेले तीन तास आपण घरी बसून, कोणाला न सांगता भरून काढतो, तेव्हा आपण नकळत वरिष्ठांना हेच सिद्ध करून देतो की एवढ्या कामाला एकच माणूस पुरतो. पुढच्या वर्षीचे मनुष्यबळही त्याच खोट्या हिशेबावर ठरते. माझ्या मते जादा कामाविरुद्धचे पहिले पाऊल तक्रारीचे नसून हे लपलेले तास उघड करण्याचे आहे.

मी तीन आठवडे नोंद ठेवली: कोणते काम, कोणी सांगितले, किती वेळ लागला. ती घेऊन साहेबांकडे गेले तेव्हा ‘मला जमत नाही’ असे न म्हणता, ‘आठवड्यात ही कामे बसत नाहीत, तर यातले आधी कोणते करू आणि मागे कोणते ठेवू, हे आपण सांगा’ असे विचारले. नकारावर वाद घालता येतो, पण क्रम ठरवण्याची जबाबदारी वरिष्ठांचीच असल्याने या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. भेटीत जे ठरले ते त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवले. तोंडी कबुली महिनाभरात विरून जाते, म्हणून हे लेखी टिपण मला फार महत्त्वाचे वाटते.

एवढ्याने भागले नाही, तर मनुष्यबळ विभाग, कामगार संघटना आणि शेवटी श्रम कार्यालय हे मार्ग आहेत. तिथेही हीच नोंद आणि तब्येत बिघडली असल्यास डॉक्टरांचे कागद उपयोगी पडतात. शक्य असेल तर सहकाऱ्यांना सोबत घ्यावे, कारण एकट्याचे म्हणणे कुवतीचा प्रश्न ठरवून बाजूला सारणे सोपे असते.

माझ्याकडची त्या दोनपैकी एक जबाबदारी दुसऱ्या विभागाकडे गेली. दुसरी अजून माझ्याकडेच आहे, पण दर आठवड्याला द्यावा लागणारा तिचा अहवाल आता महिन्यातून एकदाच द्यावा लागतो.